छपरावरच्या उन्हाची आकारणी

महाराष्ट्रातील शहरांत, तालुक्याच्या गावांत आणि आता हमरस्त्यालगतच्या मोठ्या खेड्यांतही ज्या एका परिमाणाचा उच्चार अलीकडे घरोघर होऊ लागला आहे, ते परिमाण म्हणजे ‘तीन किलोवॉट’. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना’ जाहीर केली, तिच्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली आणि एक कोटी घरांच्या छपरांवर सौरसंच बसविण्याचा संकल्प सोडला, तेव्हापासून वीजबिलाची गोष्ट निघाली की पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी तीस हजार, तिसऱ्याला अठरा हजार, मिळून अठ्ठ्याहत्तर हजार, हा हिशेब लोकांच्या तोंडी बसला आहे. तीन किलोवॉटच्या पुढे कितीही मोठा संच बसविला तरी अनुदान अठ्ठ्याहत्तर हजारांवरच थांबते, हेही बहुतेकांना ठाऊक असते. परंतु हे तीन किलोवॉट मोजावयाचे कोठे, कोणी आणि कोणत्या मापाने, असा प्रश्न केला, तर संच बसवून दोन उन्हाळे काढलेल्या गृहस्थालाही त्याचे नेमके उत्तर देता येतेच असे नाही. ज्या आकड्यावर सरकारी तिजोरीतून रक्कम सुटते आणि ज्याच्या भरवशावर कित्येक कुटुंबे बँकेचे कर्ज डोक्यावर घेतात, त्या आकड्याविषयी इतके अज्ञान असणे इष्ट नव्हे. म्हणून हा विषय येथे थोड्या विस्ताराने मांडावयाचे योजिले आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. किलोवॉट हे वीज निर्माण करण्याच्या सामर्थ्याचे माप आहे. आपण बिलात जे युनिट वाचतो ते प्रत्यक्ष निर्माण झालेल्या किंवा खर्च झालेल्या विजेचे. एक किलोवॉट सामर्थ्याचे यंत्र पूर्ण जोमाने तासभर चालले म्हणजे एक युनिट वीज पदरात पडते. आपल्याकडच्या हवामानात एक किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी चार, म्हणजे महिन्याला सुमारे १२० युनिट देतो, असा ठोकताळा महावितरण आपल्या ग्राहकांना सांगत आली आहे, आणि पावसाळ्याची तूट व फाल्गुन-चैत्राची भर एकमेकींत मिळविली तर तो बराचसा खरा ठरतो. आता ध्यानात घेण्याची गोष्ट ही की, सरकारचे अनुदान युनिटांवर नसून किलोवॉटवर आहे. संचाने वर्षभरात किती वीज दिली याची पाहणी करून पैसे दिले जात नाहीत. तो किती देऊ शकेल असे कागदोपत्री घोषित झाले आहे, त्या घोषणेवर ते एकदाच आणि कायमचे दिले जातात. संच पुढे पंचवीस वर्षे चालो, धुळीने माखून राहो, की शेजारी उठलेल्या इमारतीच्या सावलीत जावो, मिळालेल्या रकमेत फरक पडत नाही.

ही घोषणा आरंभी जेथे लिहिली जाते ती जागा म्हणजे पॅनेलची पाठ. कोणत्याही पॅनेलच्या मागल्या बाजूस हाताच्या पंजाएवढे एक लेबल चिकटविलेले असते. त्यावर कारखान्याचे नाव, मॉडेलचा क्रमांक आणि अनुक्रमांक यांच्याखाली कमाल शक्ती वॉटमध्ये दिलेली असते, समजा ५४०. तिच्याजवळच शून्य ते अधिक पाच वॉट अशी सवलतीची मर्यादा. त्याखाली खुल्या मंडलाचा दाब, लघुमंडलाचा प्रवाह वगैरे तपशील. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, ही सर्व मापे कोणत्या परिस्थितीत घेतली त्याचा उल्लेख. या शेवटच्या ओळीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, आणि साऱ्या विषयाची किल्ली तर तिच्यातच आहे. पॅनेलवर दर चौरस मीटरला १,००० वॉट इतका प्रकाश पडत आहे, त्यातील घटकाचे तापमान २५ अंश सेल्सिअस आहे, आणि तो प्रकाश डोक्यावरच्या सूर्याला पार करावा लागणाऱ्या हवेच्या दीडपट जाडीतून गाळून आल्यासारखा आहे, अशा तीन गोष्टी जगभरातल्या कारखान्यांनी प्रमाण म्हणून मान्य केल्या आहेत. तयार झालेले पॅनेल एका बंदिस्त यंत्रात ठेवतात, त्यावर क्षणार्धाचा कृत्रिम प्रकाशझोत सोडतात, आणि त्या क्षणात त्याने जी शक्ती प्रकट केली तीच त्याची आयुष्यभराची जाहीर क्षमता ठरते. प्रकाश क्षणभराचाच असल्यामुळे पॅनेलला तापण्यास अवसर मिळत नाही. आणि न तापण्याची नेमकी हीच सवड आपल्याकडचा सूर्य त्याला कधी देत नाही.

अकोल्याच्या किंवा चंद्रपूरच्या वैशाखातील दुपार डोळ्यांपुढे आणावी. सावलीतला पारा पंचेचाळिसाच्या आसपास गेलेला, गच्चीच्या फरशीवर अनवाणी पाय टेकवत नाही, आणि लोखंडी सांगाड्यावर आडव्या पसरलेल्या निळ्या-काळ्या पॅनेलच्या आतील घटकाचे तापमान ६५ अंशांवर पोहोचलेले. सिलिकॉनचा स्वभाव असा की, पंचविसाच्या वर चढणाऱ्या प्रत्येक अंशागणिक त्याची शक्ती साधारणतः शेकडा ०.३ ते ०.४ इतकी घटते. चाळीस अंश वर चढले आणि घट दर अंशाला ०.३५ धरली, तर शेकडा चौदा भाग तेथेच गळाले. ५४० वॉटचे पॅनेल ४६४ वर आले. काचेवरची धूळ, तारांतून होणारी गळती, आणि एकदिश विजेची प्रत्यावर्ती वीज करताना इन्व्हर्टरने घेतलेला दोन-तीन टक्क्यांचा वाटा यांची वजावट केली, की तीन किलोवॉटच्या संचाचा मालक भर दुपारी आपल्या मोबाइलवर पाहतो तेव्हा त्याला सव्वादोन-अडीचच्या आगेमागे आकडा दिसतो. ऊन तर असे पडले आहे की डोळा उघडवत नाही, आणि यंत्र मात्र पाऊण चालते, हे पाहून त्याच्या मनात फसवणुकीचा संशय येतो. हा संशय बहुधा निराधार असतो. पॅनेलला ऊन हवे असते, उष्मा नको असतो. म्हणूनच पावसाने आभाळ धुऊन गेल्यानंतरच्या स्वच्छ, वाऱ्याच्या दुपारी, किंवा माघ-फाल्गुनातील कोरड्या थंडीत, तेच पॅनेल आपल्या लेबलाच्या पुष्कळ जवळ जाते. लेबल खोटे नसते. ते एका ठरवून घेतलेल्या, आपल्या गच्चीवर क्वचितच अवतरणाऱ्या हवामानातले सत्य असते.

मग सरकारने असल्या आदर्श आकड्यावर पैसे का द्यावेत, प्रत्यक्ष उत्पन्नावर का देऊ नयेत, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. या प्रश्नाचे उत्तर देताना आपल्याच मुलखातील एका जुन्या प्रकरणाचे स्मरण होते. पेशवाई संपल्यावर पुणे जिल्ह्यात इंग्रजी अंमलदार रॉबर्ट प्रिंगल याने १८२७ च्या पुढे जमिनीची मोजणी करून सारा ठरविला. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे पीक किती, त्यावरील खर्च किती, निव्वळ शिल्लक किती, याचा सूक्ष्म हिशेब मांडून त्या शिलकेच्या शेकडा ५५ भाग सरकारचा, अशी त्याची पद्धती होती. तत्त्वतः ती निर्दोष दिसे; पण निव्वळ उत्पन्नाचे ते आकडे मिळवावयाचे कोणाकडून, आणि त्यांची खातरजमा करावयाची कशी, येथे सारे बिघडले. आकडे चुकले, आकारणी जबर झाली, रयत जमिनी टाकून निघून गेली. पुढे १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी तो नाद सोडला. त्यांनी मातीची खोली आणि पोत पाहून सोळा आण्यांच्या मापाने उतरत जाणारे नऊ वर्ग पाडले, चुनखड, वाळू, उतार इत्यादी दोषांबद्दल वर्ग खाली आणला, आणि ठरलेला सारा तीस वर्षांसाठी कायम केला. जमिनीचा कस हाताने चाचपता येतो, कोणालाही पुन्हा तपासता येतो. पीक मात्र दर साल बदलते आणि त्याचा कबुलीजबाब फक्त कुणब्यालाच देता येतो. जे तपासता येते त्यावर आकारणी करावी, हा धडा इंदापुराने शिकविला. छपरावरच्या उन्हाच्या बाबतीत आजच्या सरकारने तोच मार्ग पत्करला आहे. एक कोटी घरांच्या मीटरांचे पंचवीस वर्षांचे दप्तर ठेवण्यापेक्षा लेबलावरचा आकडा एकदा पाहणे सोपे. आणि मालकाने पॅनेल पुसले, सावली टाळली, तर वाढलेल्या विजेचा लाभ सर्वस्वी त्याचाच राहतो, जसा तीस वर्षांच्या मुदतीत विहीर खणणाऱ्या शेतकऱ्याचा राहत असे.

परंतु मातीला वरचा थर एकच असतो. सौरसंचाला क्षमतेची दोन ठिकाणे असतात, आणि घोषणेतील खरी अडचण तेथून सुरू होते. पॅनेलांची बेरीज हे एक ठिकाण. इन्व्हर्टर हे दुसरे. कारण पॅनेलांनी कितीही शक्ती पाठविली तरी इन्व्हर्टरच्या क्षमतेहून अधिक वीज घराकडे किंवा वितरण कंपनीच्या तारांकडे जाऊच शकत नाही. पॅनेलांची बेरीज साडेतीन आणि इन्व्हर्टर अडीचचा, तर वरचा भाग भर उन्हात छाटला जातो. उलट इन्व्हर्टर पाचाचा आणि पॅनेले दोनची, तर मोठ्या इन्व्हर्टरला करण्याजोगे कामच उरत नाही. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने छपरावरील संचांच्या अनुदानासाठी येथे एक सरळ नियम घालून दिला आहे. पॅनेलांची एकूण क्षमता आणि इन्व्हर्टरची क्षमता यांपैकी जी कमी असेल, ती संचाची क्षमता समजावी. या एका वाक्याने दोन्ही बाजूंच्या लबाड्यांची वाट बंद होते, आणि माझ्या मते संपूर्ण योजनेतील हे सर्वांत शहाणपणाचे वाक्य आहे.

त्याचा परिणाम आकड्यांत पाहू. ५४० वॉटची चार पॅनेले म्हणजे २.१६ किलोवॉट, इन्व्हर्टर तीनचा असेल तर कमी आकडा २.१६ हाच, आणि किलोवॉटच्या अंशालाही त्या प्रमाणात अनुदान लागू असल्यामुळे साठ हजारांवर २,८८० रुपये अधिक मिळतात. त्याच चार पॅनेलांना दोनचा इन्व्हर्टर जोडला तर क्षमता दोन, अनुदान साठ हजार. पाच पॅनेले व तीनचा इन्व्हर्टर, तर २.७ किलोवॉट आणि ७२,६०० रुपये. सहा पॅनेले म्हणजे ३.२४ होतात, पण तीनच्या इन्व्हर्टरमुळे गणना तीनचीच, आणि रक्कम कमाल मर्यादेची, ७८,००० रुपये. या शेवटच्या उदाहरणातील वरचे पाव किलोवॉट वाया गेले असे मात्र समजू नये. वैशाखात तापलेली पॅनेले पाऊणच चालतात हे वर आलेच आहे. तेव्हा अनुभवी तंत्रज्ञ जाणूनबुजून पॅनेले इन्व्हर्टरपेक्षा थोडी अधिक बसवितो, सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हातही इन्व्हर्टरला अधिक काम मिळते, आणि त्या अधिक पॅनेलाला अनुदान नसले तरी त्याची वीज बिलात वळती होते. पाच पॅनेले बसवून इन्व्हर्टरच्या आकड्याकडे बोट दाखवीत ‘तीन किलोवॉटचा संच’ म्हणून दर सांगणारा विक्रेता भेटला, तर तेथे मात्र ग्राहकाने थांबून गुणाकार करावा.

पूर्वी हा हिशेब शेकडेवारीने होत असे. २०१९ साली सुरू झालेल्या छपरावरील सौर कार्यक्रमाच्या दुसऱ्या टप्प्यात पहिल्या तीन किलोवॉटसाठी ठरीव किमतीच्या शेकडा चाळीस आणि त्यापुढे दहापर्यंत शेकडा वीस अशी तरतूद होती. नंतर तिच्या जागी पहिल्या तीन किलोवॉटसाठी दर किलोवॉटला १४,५८८ रुपये अशी ठोक रक्कम आली आणि सध्याच्या योजनेने ती वाढवून तीस व अठरा हजारांवर नेली. ठोक रकमेमुळे ग्राहकाला आपला वाटा आधीच कळतो. तोटा इतकाच की, किलोवॉटचा आकडाच आता सर्वस्वी निर्णायक झाला.

पैसे क्षमतेवर द्यावेत की उत्पन्नावर, हा प्रश्न इतर देशांनी निराळ्या रीतीने सोडविला, आणि त्यातून काय निष्पन्न झाले हे पाहणे उद्बोधक आहे. ग्रेट ब्रिटनने १ एप्रिल २०१० पासून ‘फीड-इन टॅरिफ’ची योजना अंमलात आणली. तीत एकरकमी अनुदान नव्हते. निर्माण होणाऱ्या प्रत्येक युनिटला ठरलेला दर, आणि तोही आरंभीच्या सौरसंचांना पंचवीस वर्षांच्या मुदतीने. म्हणजे पैसे उत्पन्नावर होते, क्षमतेवर नव्हते. तरीही क्षमता जाहीर करावीच लागे, कारण दर क्षमतेच्या पायऱ्यांनुसार बदलत असत. चार किलोवॉटपर्यंतच्या, जुन्या घरावर बसविलेल्या संचाला प्रारंभी युनिटमागे ४१.३ पेन्स, आणि पायरी ओलांडली की त्याहून कमी. तेथील नियमांत दोन संज्ञा होत्या. यंत्र नुकसान न होता दीर्घ काळ ज्या कमाल क्षमतेने चालू शकेल ती एकूण स्थापित क्षमता. आणि तीतून यंत्राने स्वतःसाठी खर्चिलेली वीज वजा केल्यावर उरते ती घोषित निव्वळ क्षमता. पवनचक्की किंवा जलविद्युत् यंत्राच्या बाबतीत ही वजावट अर्थपूर्ण असते. सौरपॅनेल स्वतःसाठी काहीच खर्चीत नाही, त्यामुळे घरगुती संचात दोन्ही आकडे प्रायः सारखेच पडत. दुसरीकडे विजेच्या तारांशी जोडणीचा निराळा नियम होता. वितरण कंपनीची पूर्वपरवानगी न घेता एका फेजवर सोळा अँपिअरपर्यंत, म्हणजे २३० व्होल्टच्या हिशेबाने ३.६८ किलोवॉटपर्यंतचा इन्व्हर्टर जोडता येई. दराची पायरी पॅनेलांवर आणि जोडणीची मर्यादा इन्व्हर्टरवर, असे हे दोन कायदे दोन बाजूंनी येऊन भिडले, आणि २५० वॉटची सोळा पॅनेले, म्हणजे बरोबर चार किलोवॉट, व त्यांना ३.६८ चा इन्व्हर्टर, हा घरगुती संचाचा रूढ नमुना होऊन बसला. छपरावर वीस पॅनेलांची जागा असली तरी मालक सोळावर थांबे. छपराचा आकार आणि घराची गरज बाजूला राहिली. कायद्याच्या रेघेने यंत्राचे माप ठरविले.

उत्पन्नावर पैसे देऊनही मोजणीचा प्रश्न सुटला होता असे नाही. घराच्या छपरावरून बाहेर तारांत गेलेली वीज लहान संचांच्या बाबतीत मोजलीच जात नसे. निर्माण झालेल्या विजेपैकी निम्मी बाहेर गेली असे गृहीत धरून त्याचे निराळे पैसे दिले जात. पॅनेलांच्या किमती झपाट्याने उतरल्या, अर्जांचा लोंढा आला, आणि २०११ च्या अखेरीस सरकारने ४३.३ पेन्सांवर गेलेला दर एकदम २१ वर आणण्याचे जाहीर केले, तेही सल्लामसलतीची मुदत संपण्याआधीच्या तारखेपासून. प्रकरण न्यायालयात गेले, सरकार हरले, आणि कपातीची तारीख ३ मार्च २०१२ पर्यंत लांबली. नव्या अर्जदारांसाठी ती योजना ३१ मार्च २०१९ रोजी बंद झाली. जर्मनीतही रेघेचा हाच प्रभाव दिसला. दहा किलोवॉटखालील संचांना स्वतः वापरलेल्या विजेवरील अधिभारातून सूट होती, तोवर तेथे दहाच्या अगदी खाली थांबणारे संच उदंड झाले. २०२१ मध्ये ती मर्यादा तीसवर नेण्यात आली.

क्षमतेवर पैसे देण्याचा जो मोठा धोका, तो समजून घेण्यासाठी मात्र परदेशी जाण्याचे प्रयोजन नाही. सातारा जिल्ह्यातील वनकुसवड्याच्या आणि चाळकेवाडीच्या पठारांवर नव्वदीच्या दशकापासून ज्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यांच्यामागे वाऱ्याइतकेच बळ आयकराच्या एका सवलतीचेही होते. पवनचक्कीवर खर्च केलेली संपूर्ण रक्कम पहिल्याच वर्षी घसारा म्हणून वजा करण्याची मुभा होती. यंत्र उभे राहिले, चालू झाल्याचा दाखला मिळाला, की कर वाचला. मग ते पुढे किती युनिट देते याची फिकीर करण्याचे कारण, मालकाचा मूळ धंदा निराळाच असेल तर, फारसे उरत नसे. या पद्धतीवर पुष्कळ टीका झाली, आणि २००९ च्या डिसेंबरात केंद्राने युनिटमागे पन्नास पैशांची उत्पादनाधारित सवलत सुरू केली, ती याच उणिवेवर उपाय म्हणून. मग घरच्या छपरांवर पुन्हा क्षमतेचीच पद्धत का चालावी? माझे मत असे की, ती येथे चालते, याचे कारण घरमालक आणि गुंतवणूकदार यांच्या स्थितीत मूलतः अंतर आहे. नेट मीटरवर नोंदल्या जाणाऱ्या प्रत्येक युनिटाने घरमालकाचे स्वतःचे बिल उतरते. अनुदान हातात पडल्यावरही पॅनेल पुसत राहण्यात त्याचा स्वार्थ आहे. मात्र हा युक्तिवाद तेव्हाच खरा, जेव्हा मालक आपले युनिट पाहतो. ज्याने संच विक्रेत्याच्या स्वाधीन केला, कागदांवर सह्या केल्या आणि पुन्हा गच्चीवर पाऊल टाकले नाही, त्याच्या घरी ही पद्धत वनकुसवड्याच्याच वाटेने जाते.

कृषिपंपाच्या बाबतीत तर क्षमता जाहीर करण्याचे परिमाणच बदलते. महाराष्ट्रातील ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकरी किलोवॉट मागत नाही, तो अश्वशक्ती मागतो; अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्यावर साडेसात अशी जमिनीच्या धारणेनुसार प्रतवारी आहे, आणि सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या शेकडा दहा, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने शेकडा पाच भरावयाचे आहेत. पाच अश्वशक्ती म्हणजे ३,७३० वॉट. पण त्या पंपासाठी केंद्राच्या मानकांप्रमाणे पॅनेले ४,८०० वॉटची लागतात. हे आधिक्य उधळपट्टीचे नाही. पंपाला बाहेरच्या तारांचा आधार नसतो, सूर्य जे देईल त्यावरच पाणी उपसावयाचे असते, आणि सकाळी नऊला, पॅनेल अजून तिरपे ऊन घेत असताना, पाणी वर यावयाचे तर पॅनेलांत पंपापेक्षा जास्त बळ असावेच लागते. म्हणून शेतकऱ्याने अश्वशक्तीच्या आकड्यावर समाधान मानू नये. आपल्या सांगाड्यावर पॅनेले किती वॉटची चढली, हे त्याने मोजून घ्यावे.

आता घराच्या संचाची घोषणा कागदावर कोणत्या क्रमाने उतरते ते पाहू. ग्राहक आपल्या ग्राहक क्रमांकाने राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज दाखल करतो आणि त्यात इच्छित क्षमता लिहितो. ही पहिली नोंद. दहा किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यतेची वेगळी चौकशी न करता मान्यता आहे असे समजावे, अशी दुरुस्ती २०२४ मध्ये ग्राहकहक्कांच्या नियमांत झाली, त्यामुळे महावितरण असो, मुंबईतील बेस्ट, टाटा किंवा अदानी असो, या पायरीवरचा पूर्वीचा खोळंबा पुष्कळ कमी झाला. त्यानंतर नोंदणीकृत विक्रेता संच बसवितो आणि काम पूर्ण झाल्याचा अहवाल भरतो; त्यात पॅनेलांची संख्या, प्रत्येकाचे वॉट, अनुक्रमांक, इन्व्हर्टरचे मॉडेल आणि क्षमता लिहिलेली असते. ही दुसरी आणि खरी नोंद. मग वितरण कंपनीचा अभियंता पाहणी करतो, नेट मीटर बसते, संच कार्यान्वित झाल्याचा दाखला निघतो, आणि अनुदान विक्रेत्याकडे न जाता ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. अनुदानाला आणखी एक अट आहे. पॅनेल भारतात जुळविलेले असून भागत नाही, त्यातील सौरघटकही भारतात घडलेले असले पाहिजेत. बाजारात आयात घटकांची पॅनेले स्वस्त मिळतात आणि वरवर पाहता दोन्हींत फरक दिसत नाही. फरक असतो तो अनुक्रमांकात आणि पॅनेलमध्ये बसविलेल्या आरएफआयडी पट्टीत.

या सबंध मालिकेत एकच माणूस असा आहे की, ज्याला पॅनेल बसण्यापूर्वी त्याची पाठ निवांतपणे पाहता येते, आणि तो म्हणजे घरमालक. सांगाड्यावर चढवून पॅनेले एकदा आवळली, की खालून वाकून, मान मुरगाळून लेबल वाचावे लागते, आणि कमी उंचीच्या सांगाड्यात तर तेही साधत नाही. तेव्हा ज्यांच्या घरी हे काम निघाले असेल त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. माल दारात उतरला की त्याच वेळी प्रत्येक पॅनेलच्या लेबलाचे स्वच्छ छायाचित्र काढून ठेवावे. एका पॅनेलच्या वॉटना संख्येने गुणावे. इन्व्हर्टरच्या अंगावरील क्षमता वाचावी. दोहोंतला लहान आकडा कागदावर लिहावा आणि तो अर्जाशी, विक्रेत्याच्या दरपत्रकाशी आणि काम पूर्ण झाल्याच्या अहवालाशी ताडून पाहावा. घटक भारतीय असल्याचा दाखला मागून घ्यावा. अनुक्रमांक अहवालात बिनचूक उतरले आहेत की नाही, हे घरातल्या शिकल्यासवरल्या मुलाला किंवा मुलीला बसवून तपासून घ्यावे. पुढे दरमहा बिल आले की संचाने दिलेले युनिट एका वहीत टिपावेत, आणि क्षमतेला १२० ने गुणून येणाऱ्या आकड्याशी त्यांची वर्षाची सरासरी लावून पाहावी. तूट फार दिसली तर विक्रेत्याला बोलवावे, कारण पाच वर्षांची देखभाल त्याच्यावर योजनेनेच बंधनकारक केली आहे. मात्र लेबले, आकडे आणि अनुक्रमांक यांची वर सांगितलेली ताडणी होईपर्यंत काम पूर्ण झाल्याच्या अहवालावर सही करू नये. त्या अहवालावर विक्रेत्याबरोबर घरमालकाचीही सही लागते, आणि अनुदान त्याच अहवालातील आकड्यावर मंजूर होते.